राजाचा वाटा, रयतेचा वाटा : ग्रंथालयांच्या वास्तूंचा इतिहास

ग्रंथ जमविणे हे एखाद्या रसिक गृहस्थाच्या हौसेने होऊ शकते. परंतु त्या ग्रंथांसाठी वास्तू उभारणे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या राखणे हे केवळ हौसेचे काम नव्हे. आपल्याकडील कितीतरी वाचनालयांचा जन्म कोणाच्या तरी ओटीवर, देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या एखाद्या रिकाम्या खोलीत झाला. जोपर्यंत यजमानाची मर्जी आहे तोपर्यंत कपाट तेथे राहते. यजमान निवर्तले, वाटण्या झाल्या, घर विकले गेले, की कपाटही जाते आणि त्यातील ग्रंथही पांगतात. म्हणून ग्रंथालयाला स्वतःचे छप्पर लागते. आणि छप्पर म्हटले की तीन प्रश्न ओघाने येतात : पैसा कोणी द्यावयाचा, कोणत्या अटीवर द्यावयाचा, आणि त्या छपराखाली येण्याचा अधिकार कोणाला?

हे तीन प्रश्न वरवर वेगळे दिसत असले तरी इतिहासात ते सदैव एकत्र चालत आलेले आहेत. आपल्यासारख्या ज्ञातिमंडळांनी चालविलेली वाचनालये गावोगाव आहेत. त्यांच्या इमारती जुन्या झाल्या, की शासनाकडून काही साहाय्य मिळेल काय, अशी विचारणा सभांतून होते. ती विचारणा योग्यच आहे. परंतु शासकीय साहाय्याचा इतिहास काय सांगतो, हे आधी पाहिले तर अर्ज करण्यापूर्वी आपण स्वतःलाही काही प्रश्न विचारू. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

आरंभीचा काळ

इंग्रजी अंमलाच्या पहिल्या पन्नास वर्षांत मुंबई इलाख्यात वाचनालये निघू लागली. रत्नागिरीचे १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे आणि कोल्हापूरचे १८५० चे वाचनालय ही त्यांतील प्रमुख नावे. यांपैकी कित्येकांना आरंभी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ असे नाव होते. स्थानिक अधिकारी, संस्थानिक, सावकार व नवशिक्षित मंडळी यांनी वर्गणी घालून ही चालविली. सरकारचा यात जो हात होता तो बहुधा अधिकाऱ्यांच्या व्यक्तिगत आस्थेचा होता. नियमाने ठरलेला हक्काचा पैसा नव्हता.

मुंबई शहरात मात्र सरकारी पैसा विटामातीत पडल्याची दोन उदाहरणे आहेत आणि ती दोन्ही बोधप्रद आहेत. पहिले टाउन हॉलचे. १८०४ मध्ये सर जेम्स मॅकिंटॉश यांनी स्थापलेल्या विद्वत्सभेला, म्हणजेच पुढील एशियाटिक सोसायटीला, तिच्या ग्रंथसंग्रहासह योग्य जागा हवी होती. शहरासाठी भव्य सभागृह बांधावे आणि त्यातच सोसायटीची सोय व्हावी, असा बेत झाला. त्यासाठी पैसा उभा करण्याची युक्ती निघाली ती सोडतीची! परंतु लोकांच्या नशिबावर उभारलेला हा निधी अपुरा पडला आणि अखेर सरकारने उरलेला खर्च पत्करून १८३३ मध्ये ती वास्तू पूर्ण केली. मोठ्या पायऱ्यांची व उंच खांबांची ती इमारत आजही मुंबईचे भूषण आहे. परंतु सोसायटीच्या दारात एतद्देशीय सभासदाला प्रवेश मिळण्यास १८४० साल उजाडावे लागले. त्या वर्षी माणकजी करसेटजी हे पहिले हिंदी सभासद झाले. इमारत सरकारी पैशाने, म्हणजे अखेर रयतेच्या करांतून, पुरी झाली. पण रयतेसाठी दार उघडे नव्हते.

दुसरे उदाहरण डेव्हिड ससून ग्रंथालयाचे. सरकारी टांकसाळ व गोदी येथे काम करणाऱ्या तरुण यंत्रज्ञांनी १८४७ मध्ये स्थापलेल्या संस्थेतून हे ग्रंथालय वाढले. १८७० मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या इमारतीस सुमारे सव्वा लक्ष रुपये खर्च आला. त्यांपैकी साठ हजार रुपये ससून यांनी दिले व उरलेला भार मुंबई सरकारने उचलला. येथे दात्याचा वाटा आणि सरकारचा वाटा असे दोन वाटे स्पष्ट दिसतात. मात्र हा एकदाच झालेला व्यवहार होता. दाता मोठा होता, शहर मोठे होते, म्हणून तो घडला. आडगावच्या वाचनालयाने असाच वाटा मागितला असता, तर तो कोणत्या नियमाने द्यावयाचा, याचे उत्तर सरकारपाशी नव्हते.

खुद्द इंग्लंडातही हा प्रश्न नुकताच कोठे सुटू लागला होता. तेथील १८५० च्या ग्रंथालय-कायद्याने नगरपालिकांना ग्रंथालयासाठी अर्ध्या पेनीचा कर बसविण्याची मुभा दिली. परंतु त्या पैशातून इमारत बांधावी, नोकरांचे पगार द्यावेत, पुस्तके मात्र विकत घेऊ नयेत, अशी त्यात मर्यादा होती. घर उभे राहिले म्हणजे पुस्तके देणगीने येतीलच, असा त्या कायदेकर्त्यांचा भरवसा! तो भरवसा फोल ठरल्यामुळे पाचच वर्षांनी, १८५५ मध्ये, कायदा सुधारून कर एक पेनी केला आणि पुस्तकांचीही मोकळीक दिली. इमारत म्हणजेच ग्रंथालय नव्हे, हा धडा असा पहिल्या पावलालाच मिळाला.

बडोद्याचा प्रयोग

हिंदुस्थानात या प्रश्नाला नियमबद्ध उत्तर देण्याचा मान बडोदे संस्थानाकडे जातो, आणि त्या उत्तरामागे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेला एक मराठी पुरुष होता, ही गोष्ट आपल्याला अभिमानास्पद आहे. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू केला. परंतु शाळा सोडलेले मूल चार वर्षांत अक्षर विसरते. त्याच्या हाती वाचावयास काही पडले नाही तर शाळेवर केलेला खर्च वाया जातो, हे त्या चाणाक्ष राजाच्या ध्यानी आले. ग्रंथालय हे त्याच्या दृष्टीने चैनीचे स्थान नसून शाळेचा उत्तरार्ध होता.

अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील लोकग्रंथालये पाहिली. त्याच काळात अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून ग्रंथालयांच्या इमारती तेथे झपाट्याने उभ्या राहत होत्या. गावाने जागा द्यावी आणि देणगीच्या दशांशाइतका खर्च दरसाल चालवावा, ही कार्नेगींची प्रसिद्ध अट होती. अशा देशातूनच, न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डेन यांना महाराजांनी १९१० मध्ये पाचारण केले. बॉर्डेन तीन वर्षे बडोद्यात राहिले. राजवाड्यातील सुमारे वीस हजार ग्रंथांचा आपला खाजगी संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयासाठी देऊन टाकला. १९११ मध्ये ग्रंथपालनाचा वर्ग निघाला. १९१२ मध्ये इंग्रजी, गुजराथी व मराठी अशा तीन भाषांतील नियतकालिक सुरू झाले. बॉर्डेन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी खात्याची धुरा वाहिली आणि या चळवळीचा इतिहास इंग्रजीत लिहून ठेवला.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खर्चाच्या वाटणीचा नियम. गावकऱ्यांनी वर्षास शंभर रुपयांपर्यंत रक्कम जमविली, की तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यावयाची आणि तेवढीच सरकारने. मोठ्या गावांसाठी ही मर्यादा तीनशे रुपयांची व प्रांताच्या मुख्य ठिकाणासाठी सातशे रुपयांची होती. इमारतीच्या बाबतीतही हेच सूत्र : एक तृतीयांश लोकांचा, एक तृतीयांश पंचायतीचा, एक तृतीयांश सरकारचा. गावाने एक रुपया टाकावा आणि तीन रुपयांचे काम उभे राहावे, अशी ही योजना होती.

या सूत्रातील शहाणपण नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. सरकारने सर्व खर्च केला असता, तर इमारत सरकारची झाली असती. तिची कौले फुटली तरी गाव सरकारकडे बोट दाखवून स्वस्थ बसले असते. गावानेच सर्व खर्च करावा म्हटले असते, तर सधन गावांखेरीज कोठेही इमारत झाली नसती. तीन वाट्यांमुळे गावाला आपलेपणा राहिला, पंचायतीला देखरेखीचा अधिकार आला आणि सरकारला नियम घालून देण्याचा हक्क प्राप्त झाला. शिवाय सरकारचा वाटा कोणाच्या कृपेवर अवलंबून नव्हता. आपला तिसरा वाटा जमविणाऱ्या गावाला पुढे काय मिळेल हे आधीच ठाऊक असे; अधिकाऱ्याच्या ओळखीपाळखीची गरज नसे.

नियम झाला म्हणून गावे आपोआप पैसे गोळा करू लागली नाहीत. त्यासाठी माणसे लागली. मोतीभाई नरसिंहभाई अमीन या शिक्षकाने सरकारी खाते निघण्यापूर्वीच मित्रमंडळांच्या द्वारा खेड्यांत वाचनालये काढण्याचा उद्योग आरंभिला होता. पुढे याच गृहस्थांना खात्यात घेऊन खेड्यांचे काम त्यांच्यावर सोपविण्यात आले. लोकांत आधीपासून रुजलेल्या कार्याला सरकारने बळ दिले. ते बाजूस सारून नवे दुकान थाटले नाही. बडोद्याच्या यशाचे निम्मे रहस्य येथे आहे.

या योजनेत उणीव नव्हती असे मात्र नव्हे. जे खेडे तिसरा वाटाही जमवू शकत नव्हते त्याचे काय? वाट्याची अट ही सधन गावाला शिडी आणि दरिद्री गावाला भिंत ठरू शकते. बडोद्याने यावर फिरत्या ग्रंथपेट्यांचा उपाय काढला. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जात. त्यांबद्दल वर्गणी नसे, आणि नेण्याआणण्याचे भाडेही सरकार सोशी. ज्या गावाला घर बांधता येत नव्हते त्याच्या दारात पुस्तक तरी पोचावे, असा हा विचार होता. खुद्द बडोदे शहरातील मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी स्वतंत्र विभाग होते. ग्रंथालय म्हणजे वकील-पंतोजींची बैठक नव्हे, हे त्या वास्तूच्या रचनेतूनच शिकविले जात होते.

सार्वजनिक पैसा आणि उघडे दार

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. छपराखाली येण्याचा अधिकार कोणाला? राजाने ग्रंथालय सर्वांसाठी म्हटले तरी गावगाड्यातील भेद एका हुकुमाने नाहीसे होतात, असे समजणे भाबडेपणाचे होईल. मुंबई इलाख्यात या प्रश्नाला तोंड फोडले ते सीताराम केशव बोले यांनी. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुली असावीत, असा ठराव त्यांनी १९२३ मध्ये कायदेमंडळात संमत करून घेतला. ठरावाचे कागद पाण्यापर्यंत पोचण्यास १९२७ सालचा महाडचा सत्याग्रह करावा लागला, हे आपण जाणतोच. परंतु तत्त्व ठरले होते : ज्यात सर्वांचा पैसा, त्यात सर्वांचा हक्क.

पुढे हेच तत्त्व भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात अवतरले. पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे तेथे म्हटले आहे. यातील ‘अंशतः’ हा शब्द ज्ञातिसंस्थांनी मनात ठसवून घ्यावा असा आहे. सरकारचा वाटा तिसरा असो की दहावा, तो भिंतीत चिणला गेला की दार सर्वांचे झाले.

कायद्यांचा काळ

१९३९ मध्ये मुंबई सरकारने आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय-विकास समिती नेमली. १९४० च्या अहवालात समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्याच्या वाचनालयापर्यंत अशी सोपानपरंपरा सुचविली. युद्धाच्या धामधुमीत ती योजना मागे पडली आणि तिचा काही भाग स्वातंत्र्यानंतर हाती घेण्यात आला. इकडे १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला. हिंदुस्थानात असा कायदा प्रथम करण्याचा मान त्याला दिला जातो. १९४८ मध्ये मद्रास प्रांताने डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या प्रेरणेने कायदा करून घरपट्टीवर ग्रंथालय-उपकर बसविला. हैदराबाद राज्याचा कायदा १९५५ चा; मराठवाडा तेव्हा त्या राज्यात होता. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तिसऱ्या वाट्याचा प्रयोग ज्या राजवटीत वाढला ती राजवटच इतिहासजमा झाली.

महाराष्ट्र राज्याने आपला कायदा १९६७ मध्ये केला व तो १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रासने पत्करलेला उपकराचा मार्ग महाराष्ट्राने घेतला नाही. लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता द्यावी आणि ग्रंथालय-निधीतून त्यांना अनुदान द्यावे, असे धोरण ठरले. त्या निधीत राज्याने दरसाल निदान पंचवीस लाख रुपये घालावेत, असे बंधन कायद्यातच घातले गेले. १९७० च्या नियमांत सहायक अनुदानाबरोबर इमारत व साधनसामग्री यांच्या अनुदानाचाही अंतर्भाव झाला. ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. आज राज्यात दहा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य ग्रंथालये लोकसंस्थांची आहेत. एवढा पसारा केवळ सरकारी नोकरांच्या बळावर उभा राहिला नसता.

तथापि या व्यवस्थेत इमारतीचा प्रश्न दुबळाच राहिला. मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मिळणारे परिरक्षण अनुदान दर वर्षीच्या चरितार्थासाठी असते. त्यातील निम्मा भाग वेतनावर जावयाचा. उरलेल्यात ग्रंथ, नियतकालिके, वीज, भाडे व किरकोळ खर्च. या पैशातून गळके छप्पर बदलता येत नाही. आणि ग्रंथालयाचे शत्रू तर छपरातून व जमिनीतूनच येतात : पावसाचे पाणी, भिंतीची ओल, वाळवी आणि जुनाट विजेच्या तारा. ग्रंथांनी भरलेली कपाटे राहत्या घरातील सामानापेक्षा फार जड असतात. घरासाठी बांधलेल्या माडीवर ती वर्षानुवर्षे ठेवली म्हणजे तुळया वाकतात. नवी इमारत बांधताना उद्घाटनाचा समारंभ होतो, नावांची शिला बसते. डागडुजीला समारंभ नाही आणि शिलाही नाही. म्हणूनच दाता काय आणि सरकार काय, दोघांचाही हात दुरुस्तीसाठी आखडतो.

केंद्राच्या पातळीवर १९७२ मध्ये कोलकाता येथे राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन झाले. राज्याने आपला वाटा घालावा व प्रतिष्ठानाने आपला घालावा, अशा समभागाच्या योजना त्याने चालविल्या. इमारतीच्या वाढीस व सामग्रीस साहाय्य दिले. शतक पाहिलेल्या ग्रंथालयांना विशेष अनुदानही दिले. बडोद्याचे वाट्याचे सूत्र असे नव्या वेषात पुन्हा अवतरले. याउलट गोमंतकात, १८३२ मध्ये पोर्तुगीज अमलात पणजीस निघालेले ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांच्या नावाने पाटो येथील प्रशस्त शासकीय वास्तूत नांदत आहे. तेथे सर्व भार शासनाचा आहे. राजधानीतील एका मुख्य ग्रंथालयासाठी हा मार्ग योग्यच. परंतु हजारो गावांच्या वाचनालयांसाठी कोणतेही शासन एवढा भार उचलील, अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला धरून नाही.

ज्ञातिबांधवांस विनंती

या इतिहासावरून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, मागण्यापूर्वी आपला वाटा ठेवावा. लग्नकार्यात, वाढदिवसात, वडिलांच्या स्मरणार्थ आपली कुटुंबे जो खर्च करतात त्यातील थोडा अंश वाचनगृहाच्या इमारत-निधीत दरसाल पडला, तर शासनाच्या दारी आपण याचक म्हणून न जाता भागीदार म्हणून जाऊ. दुसरी गोष्ट, कागदपत्रे स्वच्छ असावीत. जागा कोणा एका कार्यकर्त्याच्या नावे नसून नोंदलेल्या संस्थेच्या नावे असावी. मंजूर नकाशा, अंदाजपत्रक आणि तपासलेले हिशेब हाताशी असावेत. चांगल्या हेतूच्या कित्येक इमारती पैशाअभावी नव्हे, तर सात-बाराच्या घोळात अडकून पडतात. तिसरी गोष्ट, नव्या मजल्याचा मोह धरण्यापूर्वी जुने छप्पर, ओल व वाळवी यांचा बंदोबस्त करावा. आणि वृद्धांना व अपंगांना आत येता यावे यासाठी पायऱ्यांशेजारी उतरता मार्ग करावा. अशी सोय करणे हे आता केवळ सौजन्य राहिले नसून २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक वास्तूंवर घातलेले बंधन आहे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड, म्हणून शेवटी सांगतो. आपल्या मंडळाचे वाचनगृह आपल्या पूर्वजांनी ज्ञातीतील मुले शिकावीत म्हणून काढले. त्या काळी ते आवश्यकही होते. कोल्हापुरात १९०१ पासून निघालेल्या ज्ञातिवार वसतिगृहांना शाहू छत्रपतींनी जागा व साहाय्य दिले ते याच गरजेपोटी. परंतु वसतिगृहातील खाटा मोजक्या असतात, ग्रंथ मात्र वाचल्याने कमी होत नाही. ज्या दिवशी आपण शासनाच्या अनुदानाचा अर्ज लिहू, त्या दिवशी आपल्या दारावरील पाटी मनातल्या मनात पुन्हा वाचावी लागेल. शेजारच्या वस्तीतील मुलगा, कोणत्याही जातीचा वा धर्माचा, आपल्या कपाटाजवळ येऊन निःसंकोचपणे पुस्तक मागू शकेल काय? सभासदत्वाच्या अर्जात त्याला अडविणारा एखादा रकाना तर नाही ना? या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देण्याची तयारी नसेल, तर तो पैसा मागण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. मग आपल्याच वर्गणीवर आपल्यापुरती खोली चालवावी, हे प्रामाणिकपणाचे. तयारी असेल तर मात्र त्यात ज्ञातीचे काही उणे होत नाही. उलट, अमुक मंडळाने हे घर गावाला दिले, असे पुढील पिढ्या म्हणतील, आणि कोणत्याही ज्ञातीला याहून मोठी प्रतिष्ठा नाही.

बडोद्याच्या तीन वाट्यांपैकी पंचायतीचा व राजाचा वाटा कोणत्या ना कोणत्या रूपाने आजही मागता येतो. पहिला वाटा मात्र तेव्हाही रयतेनेच घालावयाचा होता आणि आजही तो आपणच घालावयाचा आहे. तो केवळ रुपयांचा नाही; दार उघडे ठेवण्याच्या निश्चयाचाही आहे. येत्या वार्षिक सभेत इमारत-निधीचा विषय निघेल तेव्हा प्रत्येक कुटुंबाने या दोन्ही वाट्यांचा विचार करून यावे, एवढीच विनंती.